रोशीन, घर क्रमांक सात

माझा भाऊ फेस्टी गेल्या सप्टेंबरात गॉलवेच्या दवाखान्यातून घरी आला. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं फार झिजली आहेत, पुढचा उन्हाळा काही तो बघणार नाही. मी त्याच शहरात एकतीस वर्षं सुईण होते. अशी वाक्यं बोलताना डॉक्टरांचे डोळे कुठे जातात, ते मला ठाऊक आहे. मी मान हलवली, औषधांची पिशवी घेतली आणि गाडी काढली.

आमच्या रोशीन गावापर्यंत दीड तास लागतो. वाटेत फेस्टी दोनदाच बोलला. पहिल्यांदा म्हणाला, "तू अजून म्हातारीसारखी गाडी चालवतेस."

"मी बहात्तरची आहे," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा बोलला ते गावाच्या दफनभूमीजवळून जाताना. आमची दफनभूमी समुद्राला लागून आहे, सगळी वाळूच. प्रत्येक घराण्याची रांग ठरलेली. लिडन घराण्याची रांग वरच्या अंगाला, जिथून बेटं दिसतात. आम्हीही लिडनच, पण आमचे आईबाबा त्या रांगेत नाहीत. ते खाली, दगडी भिंतीला चिकटून आहेत, जिथे पूर्वी समुद्राने आणून टाकलेल्या अनोळखी खलाशांना पुरत.

"ट्रीसा," तो म्हणाला, "मला भिंतीजवळ नको."

"बरं."

"बरं काय? मग कुठे ठेवशील? कपाटात?"

मी गिअर बदलला. तो बराच वेळ धाप टाकत राहिला आणि मग म्हणाला, "आपण खरे लिडन आहोत की नाही, एवढं मला जायच्या आधी कळू दे. नसलो तर नसलो. मग भिंतीजवळसुद्धा जाईन. पण माहीत करून घेऊन जाईन."

यात कोडं काहीच नव्हतं, निदान माझ्या लेखी. आमचे आजोबा कोलमन लिडन २१ फेब्रुवारी १९११ रोजी जाळी काढायला एकटेच होडी घेऊन गेले आणि बुडाले. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आमचे बाबा, मार्टिन, जन्मले २६ डिसेंबरला. त्याच वर्षीच्या. गावाला वाचता येत नसेल, पण बोटांवर मोजता येत होतं. दहा महिने आणि वर पाच दिवस. मी हजारो बाळंतपणं केली आहेत. दोन आठवडे उशीर पाहिला आहे, क्वचित तीन. तीनशे आठ दिवस कोणतंही मूल पोटात राहत नाही.

आमच्याकडे माणसाला बापाच्या नावाने ओळखतात. सीनचा पॅडी, टॉमचा जॉन. बाबांना जन्मभर 'बारब्राचा मार्टिन' म्हणाले. विधवेच्या पोराला तसं म्हणतातच, त्यात काही नाही. पण बाबांचं नाव घेताना लोक 'बारब्राचा' म्हणायच्या आधी किंचित थांबत. त्या थांबण्यात आमचं लहानपण गेलं. फेस्टी अठरा वर्षांचा असताना नाचाच्या हॉलमध्ये एकाने त्याला विचारलं, "काय रे, तुमच्याकडच्या गाईला वासरू व्हायला किती महिने लागतात?" फेस्टीने त्याचा जबडा मोडला, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो हडर्सफील्डला बांधकामावर गेला. पन्नास वर्षांहून जास्त तिकडेच राहिला.

आजी बारब्रा मी दहा वर्षांची असताना गेली. तिने नवऱ्यासाठी विधवेची काळी शाल कधी घेतली नाही, हे गावाने तिला माफ केलं नाही. बाबा कोणाचे, हे तिला तोंडावर विचारायची हिंमत एकदाच कोणी केली. ती म्हणाली, "ज्याचा आहे त्याला माहीत आहे." आणि भांडी घासत राहिली.

बाबा १९८८ मध्ये गेले. तेव्हा रांगेतली जागा देणं आजोबांच्या थोरल्या भावाच्या घराकडे होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

माझा स्वतःचा निष्कर्ष ठरलेला होता. बहुधा आजोबांचा तो थोरला भाऊच, पॅट. शेजारचंच घर, विधवा भावजय. अशा गोष्टी होतात आणि झाल्यावर माणसं एकमेकांकडे पाठ फिरवतात. फेस्टीला हे कागदानिशी दाखवायचं, एवढंच माझं काम होतं. १९११ची जनगणना कधीपासून संगणकावर फुकट बघायला मिळते. २ एप्रिलच्या रविवारी रात्री कोणत्या घरात कोण झोपलं, ते सगळं घराघराच्या मूळ तक्त्यासकट. त्या रात्री बारब्राच्या घरी कोण पाहुणा होता, ते बघावं, असं मी ठरवलं.

ऑक्टोबरातली दुपार होती. फेस्टी शेगडीशेजारी खुर्चीत पेंगत होता, नळीतून ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. परगणा, मग विभाग, मग रोशीन. तेवीस घरं. सातव्या घरावर दाबलं.

यादीत दोन नावं आली.

कोलमन लिडन, कुटुंबप्रमुख, वय एकतीस, मासेमार. बारब्रा लिडन, पत्नी, वय सव्वीस.

मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, कोणी दुसरा कोलमन. मग सगळी तेवीस घरं पाहिली. दुसरा कोलमन नव्हता. पॅट आठव्या घरात होता, बायको आणि चार मुलांसह.

यादी करणाऱ्यांच्या हातून चुका होतात. कुठे 'मुलगा'चा 'मुलगी' होतो. म्हणून मी तक्त्याचं छायाचित्र उघडलं.

तक्त्यावर दोन अक्षरं होती, म्हणजे दोन माणसांची. पहिली ओळ शाळेत घोटवलेल्या तिरप्या, बारीक अक्षरात. हे अक्षर मी शेजारच्या घरांच्या तक्त्यांवरही पाहिलं होतं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे तक्ते पोलीस शिपाई स्वतः भरत. त्याने लिहिलं होतं: बारब्रा लिडन, कुटुंबप्रमुख, वय २६, वाचता येत नाही, विधवा.

मग 'कुटुंबप्रमुख' या शब्दावर एक आडवी रेघ. 'विधवा' या शब्दावर एक आडवी रेघ. रेघा वेगळ्या शाईच्या, जाड. त्याच जाड शाईत वर 'पत्नी' आणि 'विवाहित'. आणि खालच्या ओळीत उभ्या, टोकदार अक्षरात: कोलमन लिडन, कुटुंबप्रमुख, ३१, लिहिता-वाचता येतं, मासेमार, विवाहित. तळाशी सही कोलमन लिडन. तिच्याखाली शिपायाची सही, टी. गॅफनी. बाकी बावीस तक्त्यांवर त्याची सही छापल्यासारखी एकसारखी आहे. इथे 'गॅ'नंतर पेन एकदा उचललेलं होतं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय मिळालं?" फेस्टीने डोळे न उघडता विचारलं.

"अजून काही नाही."

"खोटं बोलताना तू नाक ओढतेस. लहानपणापासून."

मी त्याला तक्ता दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे म्हातारा त्या आधी बुडालाच नव्हता. तारीख चुकली असेल."

मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. तारीख चुकली असेल तर सगळंच सुटत होतं. २ एप्रिल ते २६ डिसेंबर, दोनशे अडुसष्ट दिवस. एखाद्या पुस्तकातलं असावं तसं बाळंतपण.

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेले. त्यांनी चर्चची जुनी वही काढून दिली आणि शेजारी बसून राहिले, पानं फाटतील या भीतीने. दफनांच्या नोंदीत कोलमन लिडन, ३ मार्च १९११. बोट ठेवून दोनदा वाचलं. त्याच्या वर फेब्रुवारीच्या दोन नोंदी, खाली मार्चच्या चार. ओळीने. मागाहून घुसडलेली नव्हती.

"लग्नाची वही आहे का?" मी विचारलं. "१९०९ची."

होती. तिथे नवरदेवाने स्वतः सही केली होती. मी फोनवर तक्त्याचं चित्र काढून शेजारी धरलं. तेच उभं अक्षर. 'न'चा शेवटचा फराटा दोन्हीकडे खाली ओढलेला, जणू लिहिणाऱ्याला अजून काही लिहायचं होतं. फादरांनी दोन्हीकडे पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे.

"एकाच माणसाची दिसते," ते म्हणाले. "का?"

"काही नाही, फादर. घरातलंच आहे."

आता उरली शक्यता एकच, की प्रेत दुसऱ्याचं होतं. समुद्रात नऊ दिवस राहिलेला देह ओळखताना माणसं चुकतात. कोलमन वाचला, लपून राहिला, घरी आला. कारण काहीही असो. मी जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ शोधलं, महिन्याची वर्गणी भरली. मृत्यूच्या चौकशीची बातमी सापडली, बोटभर लांबीची. प्रेत २ मार्चला रोशीनच्या किनाऱ्यावर मिळालं. ओळख भाऊ पॅट लिडन याने पटवली, आणि मृताला पोहायला शिकवणाऱ्या शाळामास्तरांनीही. चेहरा 'बराच शाबूत' होता. डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, ते लहानपणी दोरखंडात तुटलेलं.

म्हणजे प्रेत त्यांचंच.

राहता राहिला शिपाई. त्याने खोटं लिहून घेतलं असेल, दया येऊन. पण मग हे दुसरं अक्षर कोणाचं? बारब्राला लिहिता येत नव्हतं, तिने स्वतःच्या लग्नाच्या वहीत फुली मारली होती. पोलीस दलाच्या जुन्या नोंदीही आता बघायला मिळतात. टी. गॅफनी, वय चोवीस, नोकरीत तीन वर्षं, शेरे सगळे चांगले. १९ एप्रिल १९११ रोजी स्वतःच्या विनंतीवरून बदली. कुठे, तर मधल्या एका परगण्यात, जिथून समुद्र सगळ्यात लांब. कारणाच्या जागी काही नाही.

त्या आठवड्यात मी दोनदा बटाटे करपवले.

सातवं घर म्हणजे आम्ही राहतो तेच घर. छप्पर बदललं, मागे मोरी वाढवली, पण भिंती त्याच. टेबलाची जागा बदलायची म्हटलं तरी बदलता येत नाही, खिडकी एकच. शिपाई बसला असेल तो इथेच, दाराकडे पाठ करून. दुपारी तिथे बसून चहा पिताना मी एकदोनदा मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. मी उठून खुर्ची पलीकडच्या बाजूला ठेवली आणि पुढे रोज तिथेच बसले.

नोव्हेंबरात मी बार्टलीकडे गेले. बार्टली म्हणजे पॅटचा नातू. वय ऐंशी, लग्न केलेलं नाही, आठव्या घरात एकटाच. १९८८ मध्ये बाबांना जागा नाकारली ती त्याच्या वडिलांनी. तेव्हापासून रस्त्यात भेटलो तर आम्ही हवामानाबद्दल बोलायचो, एवढंच.

त्याने मला आत घेतलं, चहा ओतला, लोणी लावलेला पाव पुढे केला. मी तक्ता छापून नेला होता. त्याने तो खिडकीशी धरून वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे कागदावरसुद्धा आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कागदाचं नव्हतं माहीत." त्याने पावाचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. "बुटांचं माहीत होतं."

"कसले बूट?"

"कोलमन गेल्यावर आजोबांनी त्याचे बूट आणले. चांगले होते, कातडी. मेलेल्या माणसाचे बूट घरात पडून कशाला राहायचे, म्हणून. बारब्रानेच दिले. मग एप्रिल उजाडल्यावर एका सकाळी ती दारात आली, आणि म्हणाली, पॅट, बूट परत दे. त्याला लागतात."

शेगडीत जळणाचा एक तुकडा ढासळला.

"दिले?"

"दिले. दुसऱ्या दिवशी आजोबा होडीकडे निघाले होते. तुमच्या दारासमोर ते बूट ठेवलेले, ओले. चिखल नाही, वाळू." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आजोबा परत त्या घरात गेले नाहीत. गावाला वाटलं, बाईने कोणीतरी ठेवला आहे आणि त्याला नवऱ्याचे बूट घालते आहे. आजोबांनी लोकांना तसं वाटू दिलं. माझे वडील म्हणायचे, दुसरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."

"आणि माझ्या बाबांना जागा नाही दिली, ती त्यासाठी?"

"पोरी, माझे वडील वाईट नव्हते. घाबरट होते."

बहात्तराव्या वर्षी मला कोणी पोरी म्हणेल, अशी अपेक्षा नव्हती. मी पिशवीतून दुसरी वस्तू काढली, डीएनए चाचणीच्या दोन नळ्या. एक माझ्यासाठी, एक त्याच्यासाठी. मी त्याला सरळ सांगितलं: बाबा तुमच्या आजोबांचे असतील, असा मला संशय आहे. तसं असेल तर आपल्या दोघांच्या जुळणीचा आकडा मोठा येईल. बाबा कोलमनचे असतील तर त्याच्या निम्म्याने येईल. तिसऱ्याच कोणाचे असतील तर काहीच येणार नाही.

त्याने नळी उजेडात धरली. "यात थुंकायचं? या रेषेपर्यंत?"

"हो."

"ऐंशी वर्षं झाली, तोंडाला एवढं पाणी कुठून आणू?"

"भाजलेला बांगडा आठवा."

"कोणी भाजलेला?"

"माझ्या आईने."

त्याने डोळे मिटले, आणि नळी भरली. तुझी आई बांगडा छान भाजायची, असं तो नंतर म्हणाला. चोरून खाल्ला होता त्याने, लहानपणी, आमच्या मागच्या दारात उभं राहून.

निकाल जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मी तो उघडण्याआधी फेस्टीला उशा लावून नीट बसवलं. त्याचे ओठ तेव्हा निळसर दिसायला लागले होते आणि जेवण चार चमच्यांवर आलं होतं.

"वाच," तो म्हणाला. "भाषण नको."

निम्मा आकडा. दोन सख्ख्या भावांच्या नातवंडांचा एकमेकांशी जेवढा जुळतो, अगदी तेवढा. पॅट नाही. तिसरा कोणी नाही. कोलमनला दोनच भाऊ, पॅट आणि एक बॉस्टनला, जो १९०६ मध्ये गेला तो परत आलाच नाही.

"म्हणजे?" फेस्टीने विचारलं.

"म्हणजे बाबा कोलमनचेच. आपण लिडन आहोत."

तो हसला. मग खोकला, मग परत हसला. मी पाठीवरून हात फिरवत होते, हाताला बरगड्या लागत होत्या. इतकी वर्षं त्याने खांदे जरा वर उचलून धरलेले असायचे, कोणीतरी मागून काही बोलेल म्हणून. ते खाली आले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"आणि तारखा?" मी म्हटलं. "फेस्टी, तारखा जुळत नाहीत. माणूस तीन मार्चला पुरला आहे."

"मला आजोबा हवा होता," तो म्हणाला. "कॅलेंडर नको." मग थोड्या वेळाने, "भूक लागली आहे. काही आहे का?"

त्या दिवशी त्याने एक अख्खा बटाटा खाल्ला, लोण्यासकट.

बार्टली संध्याकाळच्या आधीच आला. त्याला मी फोनवर सांगितलं होतं. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. १९११ नंतर आठव्या घरातलं माणूस सातव्या घरात पहिल्यांदाच पुढच्या दाराने येत होतं. आत पाऊल टाकताना त्याने खाली, उंबऱ्याकडे पाहिलं. मग आला.

"रांगेत कोलमनच्या उजवीकडे जागा आहे," तो फेस्टीला म्हणाला. "मी माझ्यासाठी ठेवली होती. आपण दोघंही मावू. तू बारीकच आहेस."

"घोरतोस का?" फेस्टीने विचारलं.

"घोरतो."

"मग डोकं दुसरीकडे कर."

बार्टलीने खिशातून अर्धी बाटली काढली. दोघांनी मिळून ती संपवली नाही, पण प्रयत्न केला. मी बाहेर जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे काढत उभी राहिले. वारा होता, समुद्र राखाडी होता आणि मला किती तरी दिवसांनी खांद्यांवरून काही उतरल्यासारखं वाटत होतं. आतून दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. तारखांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, आणि त्या क्षणी कळायला हवं असंही वाटत नव्हतं.

फेस्टी ११ मार्चला सकाळी गेला, चहा पिऊन झाल्यावर. त्रास झाला नाही. एवढी वर्षं माणसांच्या येण्याच्या वेळी हजर राहिले, जाण्याच्या वेळी एवढं शांत मी क्वचित पाहिलं आहे. त्याला लिडनांच्या रांगेत ठेवलं. अख्खं गाव आलं होतं. बार्टलीने स्वतः दोन फावडी वाळू ओढली आणि महिन्याभरात दगडावर बाबांचं नावही कोरून घेतलं. आईबाबांना भिंतीजवळून हलवलं नाही, ते तिथे एकमेकांजवळ आहेत. पण नाव वर आहे. मार्टिन, कोलमनचा.

गावातल्या दुकानात पोस्टाची जुनी बाई मला म्हणाली, "कोलमनच्या मार्टिनची ट्रीसा ना गं तू?" मध्ये थांबली नाही. मी पिठाची पिशवी उचलून बाहेर आले आणि गाडीत बसून थोडा वेळ रडले. चांगलं रडले.

गोष्ट इथे संपली असती तरी माझी हरकत नव्हती.

एप्रिलच्या अठरा तारखेला १९२६ची जनगणना खुली झाली. शंभर वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती दाखवत नाहीत. रेडिओवर सकाळपासून तेच चाललं होतं. मी घाईने काही केलं नाही. भांडी घासली, कोंबड्यांना दाणे टाकले. बाबांचं नाव बघावं, चौदा वर्षांचे बाबा, एवढंच मनात होतं. दुपारी टेबलाशी बसले, दाराकडे तोंड करून.

रोशीन. घर क्रमांक सात.

दोन माणसं. बारब्रा लिडन, कुटुंबप्रमुख, एक्केचाळीस, विधवा. मार्टिन लिडन, मुलगा, चौदा वर्षं तीन महिने, शाळेत जातो.

मला हायसं वाटलं. दोनच माणसं, आणि 'विधवा'वर रेघ नाही. सगळा तक्ता एकाच अक्षरात, मधल्या काळात स्वतंत्र झालेल्या नव्या राज्याच्या नव्या पोलिसाच्या, गोल, काळजीपूर्वक. त्याने सही केली होती, तारीख घातली होती. मी लॅपटॉप मिटणार होते.

त्या वर्षी एक नवा रकाना होता. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी: आईवडील हयात आहेत का.

बाबांच्या ओळीत पोलिसाने लिहिलं होतं: वडील वारले.

मग त्यावर त्याने स्वतःच रेघ मारली होती. पट्टी लावून, सरळ.

शेजारी, त्याच गोल अक्षरात: दोघेही हयात.

आणि बाहेर, समासात, जिथे लिहायला मनाई असते तिथे, बारीक पेन्सिलीने दोनच शब्द. त्याखाली त्याने दुसऱ्यांदा सही केली होती.

'समक्ष पाहिले.'